तीन अर्ध्या तासांचं वीजबिल

ब्रिटनमधल्या मोठ्या कारखान्यांचं वीज पारेषणाचं, म्हणजे उच्चदाबाच्या वाहिन्यांवरून वीज वाहून आणण्याचं, वर्षभराचं बिल कित्येक वर्षं दीड तासावर ठरत होतं. दीड तास, आणि तोही सलग नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत देशाची वीजमागणी ज्या तीन अर्ध्या तासांत सर्वाधिक असेल ते निवडायचे, त्यांच्यात एकमेकांपासून किमान दहा दिवसांचं अंतर ठेवायचं, त्या तीन वेळी कारखान्याच्या मीटरवर नोंदलेल्या मागणीची सरासरी काढायची आणि तिला किलोवॉटमागच्या दराने गुणायचं. झालं बिल. या तिकडीला तिकडे ‘ट्रायड’ म्हणत. गंमत अशी की ते तीन अर्धे तास कोणते, हे हिवाळा सरल्यावर मार्चअखेरीस जाहीर व्हायचं. म्हणजे परीक्षा आधी, वेळापत्रक नंतर.

वाचून वाटेल, ही पद्धत कुणीतरी झोपेत आखली असावी. तसं मुळीच नव्हतं. वीजवाहिन्यांवरचा खर्च ज्याच्यामुळे होतो त्याच्याकडूनच तो घ्यावा, या विचाराची ही फार नेटकी मांडणी होती. ती आखणारे लोक हुशार होते आणि त्यांचं गणितही बरोबर होतं. तरीही ती फसली. कुठे फसली, हे पाहायचं तर त्या गणितात थोडं शिरावं लागेल.

मेगावॉट गुणिले किलोमीटर

१९९० मध्ये इंग्लंड-वेल्सचं सरकारी वीजमंडळ मोडून खासगीकरण झालं. निर्मिती कंपन्या वेगळ्या झाल्या, पुरवठादार वेगळे झाले आणि उच्चदाबाच्या वाहिन्या नॅशनल ग्रिडकडे गेल्या. वाहिन्यांमध्ये स्पर्धा होऊ शकत नाही. दोन कंपन्यांनी शेजारी शेजारी टॉवर उभे करण्यात काही हशील नाही. म्हणून पारेषण कंपनीने वर्षाला एकूण किती पैसे गोळा करायचे, हे नियामक ठरवून देतो. ती रक्कम कोणी किती भरायची, एवढाच प्रश्न उरतो. आणि सगळी भांडणं तिथेच होतात.

सोपं उत्तर म्हणजे टपालाचं तिकीट. पत्र शेजारच्या गल्लीत जावो की काश्मीरला, तिकीट एकच. ब्रिटनने वेगळी वाट धरली. १९९३ पासून तिथे गुंतवणुकीच्या खर्चाशी बांधलेली आकारणी आली. तिच्यामागचा प्रश्न साधा होता: या ठिकाणी एक मेगावॉट जास्त आला, तर वाहिन्यांचं काम किती वाढेल?

आपल्या नकाशावर हे चटकन समजतं. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात एक मेगावॉट जास्त तयार झाला, तर तो जाणार पश्चिमेकडे. चंद्रपूर ते पडघे ही ५०० केव्हीची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ मध्ये त्याचसाठी सुरू झाली. तिची लांबी ७५२ किलोमीटर. म्हणजे चंद्रपूरच्या त्या एका मेगावॉटने ढोबळमानाने साडेसातशे मेगावॉट-किलोमीटर काम वाढवलं. तोच मेगावॉट ट्रॉम्बेत तयार झाला, तर वाहिन्यांवरचा भार हलका होतो. वापरणाऱ्याचं याच्या उलट. चंद्रपूरचा कारखाना वीज जागच्या जागी संपवतो, मुंबईचा कारखाना ती सातशे किलोमीटरवरून ओढतो.

ब्रिटनचं प्रारूप हेच गणित ग्रिडच्या प्रत्येक सांध्यावर करतं. एक मेगावॉट घातला की कोणत्या लाइनवर प्रवाह किती वाढला आणि कोणत्या लाइनवर घटला, ते पाहायचं. ४०० केव्हीच्या उघड्या तारेचा खर्च एक धरायचा. कमी दाबाच्या लाइनचा त्याहून जास्त आणि जमिनीखालच्या केबलचा त्याच्या अनेक पट. शिवाय एखादी लाइन तुटली तरी ग्रिड उभा राहिला पाहिजे, म्हणून सगळ्याला १.८ ने गुणायचं. मग जवळपासचे सांधे एकत्र करून निर्मितीसाठी २७ आणि मागणीसाठी १४ क्षेत्रं पाडायची. २००५ मध्ये स्कॉटलंडही या हिशेबात आला आणि चित्र पूर्ण झालं. उत्तर स्कॉटलंडच्या वीजकेंद्राने भरपूर भरायचं, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या केंद्राला उलट पैसे मिळायचे. मागणीला नेमकं उलटं: स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला स्वस्त, लंडनला महाग.

विदर्भातल्या वाचकाला हे ऐकून गुदगुल्या होतील. वीज आमच्याकडे तयार होते, राख आमच्या अंगावर पडते आणि बिल मात्र मुंबईच्याच दराने, ही तक्रार तिकडे जुनी आहे. ब्रिटनच्या प्रारूपात ती तक्रार सूत्रात बसवलेली आहे.

आता खरी मेख

हे स्थाननिहाय दर लावून सगळे पैसे गोळा केले, तर ठरलेल्या रकमेच्या जवळपासही ते जात नाहीत.

कारण प्रारूप विचारतं पुढच्या एका मेगावॉटचा खर्च, आणि ते धरून चालतं की लाइन हवी तितकीच, मेगावॉट-मेगावॉटने वाढवता येते. प्रत्यक्षात लाइन वाढते ती एकदम. टॉवर उभे करायचे तर पूर्ण क्षमतेचे करावे लागतात आणि पुढची वीस वर्षं त्यात जागा शिल्लक असते. शिवाय उपकेंद्रं, जुनी गुंतवणूक, तिच्यावरचा परतावा, देखभाल, समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या केबली हे सगळं त्या रकमेत असतं. यातला बहुतेक खर्च होऊन गेलेला. आज कुणी दिवा लावला किंवा मालवला म्हणून तो बदलत नाही.

म्हणून दोन भाग पडले. एक स्थाननिहाय आकार: पुढे होणाऱ्या खर्चाची खूण दाखवणारा. दुसरा उर्वरित आकार: होऊन गेलेला खर्च वसूल करणारा. पहिल्याचं काम लोकांची वागणूक बदलणं. दुसऱ्याचं काम लोकांची वागणूक न बदलता पैसे गोळा करणं. इतकी विरुद्ध कामं, आणि दोन्ही ठेवली एकाच भांड्यात, दूध आणि ताक एकत्र ओतावं तशी: त्या तीन अर्ध्या तासांतल्या किलोवॉटवर.

सुरुवातीला हे खपून गेलं, कारण उर्वरित भाग मर्यादेत होता. पुढे तो फुगत गेला. स्कॉटलंडच्या पवनऊर्जेसाठी नव्या वाहिन्या आल्या, समुद्रातल्या जोडण्या आल्या. युरोपीय नियमाने तिथल्या वीजनिर्मिती केंद्रांवरचा सरासरी पारेषण आकार मेगावॉट-तासाला अडीच युरोंवर रोखला. आधी निर्मिती २७ टक्के आणि मागणी ७३ टक्के अशी वाटणी होती. या मर्यादेमुळे मागणीचा वाटा आणखी वाढला. त्यातच देशाची कमाल मागणी घटत होती. पैसे जास्त, किलोवॉट कमी. २०१६-१७ च्या सुमारास दर किलोवॉटला ४५ ते ५० पौंडांच्या घरात होता. त्यात स्थाननिहाय भाग किती? उत्तर स्कॉटलंडमध्ये तो उणे, लंडनकडे थोडा अधिक, आणि देशभराची सरासरी काढली तर जवळजवळ शून्य. ४५ पौंडांची पाटी लावली होती ‘तुमच्यामुळे होणारा खर्च’ म्हणून, आणि आत जवळपास सगळी जुनी थकबाकी.

कारखानदाराचं गणित

दोन हजार किलोवॉट मागणी असलेला कारखाना घेऊ. किलोवॉटला ५० पौंड दराने पारेषणाचं वर्षाचं बिल एक लाख पौंड. त्या दीड तासात तो वापरतो तीन हजार युनिट. म्हणजे युनिटला ३३ पौंड, त्या वेळच्या रुपयांत अडीच-तीन हजार. इतर वेळी युनिट काही पेन्सांत मिळायचं.

अशा भावाला कोण वीज वापरेल? ट्रायड बहुधा डिसेंबर-जानेवारीत, थंडीच्या कामाच्या दिवशी, संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान पडायचा. अंधार झालेला, कार्यालयं अजून सुरू, घराघरांत चुली पेटायला लागलेल्या. शुक्रवारी क्वचित, नाताळात कधीच नाही. नेमका दिवस माहीत नसल्याने पुरवठादार आणि सल्लागार संस्था ‘आज ट्रायड पडू शकतो’ असे इशारे पाठवायच्या. एका हिवाळ्यात वीस-पंचवीस इशारे म्हणजे नेहमीची गोष्ट. इशारा आला की पोलाद कारखाना भट्टीचं वेळापत्रक सरकवायचा, पाणीपुरवठा कंपनी पंप तासभर बंद ठेवायची, शीतगृह आधीच जास्त थंड करून कॉम्प्रेसर थांबवायचं, आणि ज्यांच्याकडे डिझेल जनरेटर होता ते ग्रिडवरून उतरून डिझेलवर जायचे.

आपल्याकडच्या एमआयडीसीत ‘एमडी’वर, म्हणजे कारखान्याच्या कमाल मागणीवर, लक्ष ठेवून बसणारा इलेक्ट्रिकल सुपरवायझर ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. फरक एक, आणि तो महत्त्वाचा. आपल्या उच्चदाब ग्राहकाचा मागणी आकार त्याच्या स्वतःच्या कमाल मागणीवर लागतो, मग तेव्हा राज्याची मागणी शिखरावर असो वा नसो. ब्रिटनमध्ये प्रश्न होता, सगळ्या देशाची मागणी शिखरावर असताना तुम्ही किती ओढत होतात. तत्त्व म्हणून ब्रिटनचं उजवं आहे. माझी कमाल मागणी सगळ्या देशाची मागणी कमी असताना झाली, तर तिच्यासाठी कुणी नवी लाइन टाकत नाही.

नॅशनल ग्रिडच्या अंदाजाने ही टाळाटाळ शिखराच्या वेळी दोन गिगावॉटपर्यंत, म्हणजे वीस लाख किलोवॉटपर्यंत, जायची. सुमारे ५० गिगावॉटच्या शिखरात हा आकडा लहान नाही. मागणी कमी झाली, चांगलंच झालं की, असं कुणी म्हणेल. काही अंशी खरं आहे. तेवढी वीजकेंद्रं कमी लागली. पण वाहिन्यांचं काय? स्कॉटलंडमधल्या हंटरस्टनपासून उत्तर वेल्सपर्यंत, बहुतांश समुद्राखालून, चारशेहून जास्त किलोमीटर गेलेली २.२ गिगावॉटची वेस्टर्न लिंक स्कॉटलंडचा वारा दक्षिणेला आणण्यासाठी टाकली. वारा सुटतो तेव्हा ती भरते, मग वेळ मध्यरात्रीची का असेना. इंग्लंडच्या आग्नेय टोकाला केंटमधल्या कारखान्याने जानेवारीत साडेपाचला दिवे मालवले म्हणून ती केबल वीतभरही आखूड झाली नसती. खर्च तेवढाच राहिला. दोन गिगावॉटला ४५ पौंडांनी गुणलं तर ९ कोटी पौंड होतात. ते कुठे नाहीसे झाले नाहीत. ज्यांना पळता आलं नाही त्यांच्या बिलात गेले. आणि पळणारे वाढले की उरलेल्यांचा दर वाढतो, दर वाढला की आणखी काहींना पळणं परवडतं.

घरं कुठे पळणार? त्यांच्याकडे अर्ध्या तासाचं मीटरच नव्हतं. त्यांच्या पुरवठादाराला वर्षभर संध्याकाळी चार ते सात या वेळेतल्या वापरावर हा आकार लागायचा, आणि तो गुपचूप युनिटच्या दरात मिसळायचा.

डिझेलची इंजिनं

इथपर्यंत गोष्ट वीज वाचवणाऱ्यांची होती. खरा गोंधळ केला तो वीज तयार करणाऱ्यांनी.

नियमात एक खिडकी होती. १०० मेगावॉटपेक्षा लहान आणि वितरणाच्या जाळ्याला जोडलेलं वीजकेंद्र पारेषणाच्या हिशेबात निर्मिती म्हणून मोजलं जायचंच नाही; त्याला ‘उणे मागणी’ समजत. पुरवठादाराची त्या अर्ध्या तासातली निव्वळ मागणी त्याच्यामुळे घटायची, पारेषण आकार वाचायचा, आणि त्या बचतीतला मोठा हिस्सा वीजकेंद्राला मिळायचा. थोडक्यात, एक मेगावॉटचं डिझेल इंजिन आणून औद्योगिक वसाहतीच्या कोपऱ्यात ठेवायचं, ते ट्रायडच्या संभाव्य संध्याकाळी चालवायचं, आणि वर्षाला ४५ हजार पौंडांच्या आसपास कमाई.

त्याच काळात ब्रिटनने क्षमता बाजार सुरू केला होता. पुढे वीज कमी पडू नये म्हणून वीजकेंद्रांना तयार राहण्याचे पैसे द्यायचे आणि ते लिलावाने ठरवायचे, अशी ती योजना. डिसेंबर २०१४ च्या पहिल्या लिलावात भाव निघाला किलोवॉटला १९.४० पौंड, पुढच्या वर्षी १८ पौंड. आता तुलना करा. मोठ्या वायू केंद्राला क्षमतेचे मिळणार १८ पौंड. डिझेल इंजिनाला तेच १८, वर ट्रायडचे ४५. ज्याच्या एका खिशात ४५ आहेत तो लिलावात कितीही खाली बोली लावू शकतो. झालं तसंच. कार्यक्षम वायू केंद्रं मागे पडली आणि डिझेलच्या इंजिनांना करार मिळाले. हवामानाबद्दल सगळ्या जगाला उपदेश करणारा देश आकारणीच्या एका कलमापायी डिझेल जाळायला पैसे मोजत होता.

नियामक संस्था ऑफजेमने हिशेब मांडला, की अशा लहान केंद्रामुळे पारेषणाचा खर्च खरोखर वाचतो तरी किती? जे उपकेंद्र वाढवावं लागत नाही तेवढंच. उत्तर आलं किलोवॉटला सुमारे ३ पौंड. माझ्या मते सगळं प्रकरण या दोन आकड्यांत आहे: देत होते ४५, वाचत होते ३. आणि काहीच केलं नसतं, तर ४५ चे दशकअखेरीस सत्तरच्या वर जाणार होते.

जून २०१७ मध्ये ऑफजेमने हा लाभ तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने ३ ते ७ पौंडांवर आणायचा निर्णय दिला. ज्यांनी या कमाईच्या भरवशावर कर्ज काढून इंजिनं बसवली होती ते न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये हरले. त्यांच्याबद्दल मला थोडी कणव आहे. नियमात जे लिहिलं होतं त्यावरच त्यांनी धंदा उभा केला होता.

मग पैसे घ्यायचे कशावर?

खिडकी बंद झाली, पण मूळ दुखणं तसंच होतं. ऑगस्ट २०१७ मध्ये ऑफजेमने उर्वरित आकाराचा सगळाच फेरविचार सुरू केला. पर्याय समोर होते: प्रत्येक जोडणीला स्थिर रक्कम, एकूण वापरलेल्या युनिटवर, आधी ठरवलेल्या क्षमतेवर, किंवा नंतर मोजलेल्या कमाल मागणीवर.

युनिटवर लावला तर छतावर सौर पॅनेल लावणारा सुटतो. मोजलेल्या मागणीवर लावला तर ट्रायडचीच दुसरी आवृत्ती. काहीही मोजलं की ते चुकवायचा मार्ग निघतो. २१ नोव्हेंबर २०१९ च्या निर्णयात स्थिर रक्कम निवडली गेली. घरांना प्रत्येक वितरण क्षेत्रात एकच दर. व्यवसायांना आधी दाबानुसार गट, आणि प्रत्येक गटात करार क्षमतेनुसार किंवा वार्षिक वापरानुसार चार पट्टे. पट्ट्यांच्या सीमा ग्राहकांच्या चाळिसाव्या, सत्तराव्या आणि पंच्याऐंशीव्या शततमकावर. म्हणजे वरच्या पट्ट्यात फक्त पंधरा टक्के ग्राहक, पण त्यांच्यातला लहान आणि मोठा यांत जमीन-अस्मानाचा फरक. सीमेच्या अलीकडचा आणि पलीकडचा कारखाना जवळपास सारखाच, बिल मात्र कितीतरी वेगळं. वागणूक बदलू न देणारा आकार हवा होता. त्याची किंमत म्हणून हा खडबडीतपणा पत्करला.

वितरणाचा उर्वरित आकार एप्रिल २०२२ पासून असा झाला, पारेषणाचा दोनदा पुढे ढकलून एप्रिल २०२३ पासून. ट्रायड गेला नाही. तो स्थाननिहाय भागापुरता उरला आणि त्याला शून्याचा तळ घातला. आज दक्षिण इंग्लंडमध्ये ट्रायडचे किलोवॉटला काही पौंड लागतात, स्कॉटलंडमध्ये शून्य. प्रारूपाच्या हिशेबाने ॲबर्डीनच्या ग्राहकाला खरं तर उलट पैसे द्यायला हवेत. पण शिखराच्या वेळी जास्त वीज वापरल्याबद्दल बक्षीस द्यायला कुणाचा हात उचलेना.

एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ट्रायडमधून उर्वरित आकार काढला गेला त्याच्या आधीच्याच हिवाळ्यात, २०२२-२३ मध्ये, ग्रिड चालवणाऱ्या संस्थेने घरांना संध्याकाळी वीज कमी वापरायचे पैसे देणारी नवी योजना आणली. सोळा लाख घरं आणि व्यवसाय तिच्यात आले. योजनेच्या चाचण्यांसाठी हमीभाव होता युनिटला ३ पौंड. ज्या संध्याकाळच्या युनिटची किंमत ट्रायडने ३३ पौंड लावली होती, ते युनिट या योजनेत ३ पौंडांच्या हमीभावाला मिळालं. आणि यात पैसे कोण देतंय, कशासाठी, कोणत्या दिवशी, हे आदल्या दिवशी माहीत असायचं.

ओझं सरकलं

स्थिर आकाराने चुकवेगिरी थांबली. पण पैसे कुणाला तरी द्यावेच लागतात.

पहिली ओरड झाली मोठ्या उद्योगांची. पोलाद कारखाने ट्रायड चुकवण्यात पटाईत होते. त्यांचा तो फायदा गेला आणि वर स्थिर आकार बसला. शेवटी सरकारला मध्ये पडावं लागलं. एप्रिल २०२४ पासून जास्त वीज लागणाऱ्या उद्योगांना ग्रिड आकाराच्या ६० टक्के भरपाई सुरू झाली आणि २०२५ मध्ये ती ९० टक्क्यांवर नेण्याची घोषणा झाली. या भरपाईचे पैसे पुन्हा इतर वीजग्राहकांकडूनच. आधी पळवाट होती, आता सरळ अनुदान आहे. मला विचाराल तर अनुदान बरं: ते अर्थसंकल्पासारखं उघड्यावर असतं, त्यावर प्रश्न विचारता येतो. पळवाटीवर कोण प्रश्न विचारणार?

दुसरी ओरड घरांची, आणि ती अधिक कडवट. एप्रिल २०२२ मध्ये घरगुती विजेचा स्थिर आकार दिवसाला सुमारे २५ पेन्सांवरून ४५ पेन्सांवर गेला. त्यातला मोठा भाग बुडालेल्या पुरवठादारांच्या ग्राहकांना सांभाळण्याच्या खर्चाचा होता. पण वितरणाचा उर्वरित आकार स्थिर झाला तोही त्याच महिन्यात. लोकांना कारणं दिसत नाहीत, आकडा दिसतो. एकटी राहणारी, एकच खोली गरम करणारी म्हातारी आणि पोहण्याचा तलाव असलेला बंगला, दोघांना रोजचे पैसे सारखे. प्रीपेड मीटरवाल्याने पैसे नाहीत म्हणून आठवडाभर वीज बंद ठेवली, तरी स्थिर आकार साठत राहतो आणि पुढच्या रिचार्जमधून आधी तोच कापला जातो. भागाभागातला फरक वेगळाच: लिव्हरपूलचा मर्सीसाइड आणि उत्तर वेल्स हा पट्टा सर्वांत महाग, लंडन सर्वांत स्वस्त. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑफजेमने यावर मतं मागवली, तेव्हा नेहमी सल्लागारांच्याच पत्रांची सवय असलेल्या त्या कार्यालयात हजारो साध्या ग्राहकांनी लिहिलं.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात स्थिर आकार सर्वांत कमी नुकसान करणारा. ते चूक नाही. पण पुस्तक ‘स्थिर’ म्हणतं तेव्हा त्याला ‘सगळ्यांना सारखा’ असं म्हणायचं नसतं. मंजूर भारानुसार, घराच्या मूल्यानुसार, जोडणीच्या फेजनुसार तो कमीजास्त करता येतो आणि तरीही वागणुकीला धक्का लागत नाही. व्यवसायांना ऑफजेमने पट्टे दिले, घरांना दिले नाहीत. ही तडजोड मला पटलेली नाही.

आपल्या बाजूला

महाराष्ट्रात राज्यांतर्गत पारेषणाचे सगळ्या कंपन्यांचे पैसे एका मडक्यात जमा होतात आणि महावितरण, बेस्ट, टाटा, अदानी अशा वापरकर्त्यांत वाटले जातात. वाटणीचा आधार दोन आकड्यांची सरासरी: राज्याच्या शिखराच्या वेळची त्यांची मागणी आणि त्यांची स्वतःची कमाल मागणी. म्हणजे अर्धा ट्रायड, अर्धा एमडी. स्थानाचा मुद्दा यात नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेल्यानंतर शहराकडे येणाऱ्या वाहिन्या वाढवण्याची घाई झाली. त्यांचा खर्चही याच मडक्यात पडतो आणि गोंदियापर्यंत वाटला जातो. आंतरराज्य पारेषणात मात्र आपण स्थानाचा प्रयोग करून पाहिला. केंद्रीय वीज नियामक आयोगाने जुलै २०११ पासून जोडबिंदूनुसार दर आणले, राज्यांची भांडणं नऊ वर्षं ऐकली आणि नोव्हेंबर २०२० पासून ते तुकड्यांत वाटून टाकले: काही खर्च देशभरात सारखा, काही विभागात, काही प्रत्यक्ष वापरानुसार. दूध आणि ताक वेगळं करण्याचा हा आपला प्रयत्न, जरा ओबडधोबड.

खरी कसोटी छतावरच्या सौर पॅनेलची आहे. दिवसा ग्रिडला वीज विकणारा आणि संध्याकाळी तिथूनच घेणारा ग्राहक निव्वळ युनिटच्या हिशेबात जवळजवळ नाहीसा होतो, अगदी ‘उणे मागणी’सारखा. त्याच्या दारातली डीपी आणि तिच्यामागचं उपकेंद्र मात्र पूर्वीइतकंच लागतं. राज्य आयोगापुढे अशा ग्राहकांवर ग्रिड सपोर्ट चार्ज लावायचा विषय आला, तेव्हा मार्च २०२० च्या आदेशात त्याने सांगितलं की राज्यातली छतावरची एकूण क्षमता ५,००० मेगावॉट होईपर्यंत तो लावायचा नाही. तेव्हा तो आकडा लांबचा वाटत होता. पंतप्रधान सूर्यघर योजनेनंतर राज्य त्याच्याकडे वेगाने सरकू लागलं. तो ओलांडला की आयोगापुढे याचिका येईल, सुनावणीला सोसायट्यांचे अध्यक्ष फायली घेऊन येतील, आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारेल: हा आकार कशावर लावणार, मंजूर भाराच्या किलोवॉटवर, युनिटवर, की संध्याकाळच्या एखाद्या अर्ध्या तासावर?